शेपटीला दार असलेला मासा

शेपटीकडून आत शिरायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं, असा मासा जगात आजवर एकच झाला आणि तो मी शिवला. हे वाक्य मी आमच्या चिरंजिवांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाबा, सुरुवात जरा शांतपणे करा, लोक दचकतील." पण तंबूवाल्याला शांतपणे सुरुवात करता येत नाही. आधी मोगरी घेऊन दणादण मेखा ठोकाव्या लागतात, मग बाकीचं.

मी नगरशेजारच्या भिंगारचा. वडिलांपासून आमचा तंबू, कनाती आणि ताडपत्र्या शिवायचा धंदा. कॅम्पातल्या लष्करी कोठारात जुने झालेले तंबू कंडम ठरले की त्यांचा लिलाव व्हायचा. आम्ही तो माल आणायचो, उसवायचो, सडका भाग काढून टाकायचो आणि उरलेल्यातून लग्नाचे मांडव, जत्रेतल्या दुकानांच्या राहुट्या, ट्रकच्या ताडपत्र्या करायचो. लोकांना वाटतं तंबू म्हणजे मोठा सदरा. तसं नाही. सदरा माणसाच्या अंगावर टिकतो, तंबू ताणावर टिकतो. त्याला चहूबाजूंनी जे दोर बांधतात त्यांना तणावे म्हणतात. एक तणावा ढिला पडला की सगळा तंबू रुसलेल्या जावयासारखा एका बाजूला तोंड करून बसतो.

शिवण आमची दुहेरी. दोन कापडांच्या कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या आणि वरून दोनदा शिवायच्या. दोरा मेणातून ओढलेला, सुई म्हणजे बोटभर दाभण. मेणाच्या दोऱ्याने भोकं बुजतात, पाणी आत येत नाही आणि आत असलं तर बाहेर जात नाही. वडील म्हणायचे, "शिवण अशी पाहिजे की पावसाने यावं, बघावं आणि लाजून परत जावं." त्यांनी दुसरा एक नियम शिकवला होता. दार कधी वाऱ्याकडे करू नये. दार वाऱ्याला दिलं की तंबू वाऱ्याचा झाला. हा नियम माझ्या हाडात इतका मुरला होता की घरातसुद्धा मी कपाटाचं दार उघडायच्या आधी खिडकीकडे बघायचो. ह्याच नियमाने पुढे माझा घात केला, पण त्याआधी गिऱ्हाइकांबद्दल दोन शब्द सांगतो.

आमच्याकडे सरळ गिऱ्हाईक क्वचित यायचं. पुणतांब्याच्या एका बागायतदाराने आपल्या लाडक्या खोंडासाठी रेनकोट शिवून नेला होता. माप घ्यायला मी स्वतः गेलो होतो. खोंडाने मोजपट्टी खाल्ली. रेनकोट मात्र झकास बसला, पण तो घालून खोंड गोठ्यात शिरताच बाकीच्या गाईंनी दावी तोडली. एका बँडवाल्याने आपल्या सगळ्यात मोठ्या भोंग्यासाठी कॅनव्हासची पिशवी शिवायला टाकली आणि ती न्यायच्या आत भावाभावांत फूट पडून बँड मोडला. भोंगा एकाकडे गेला, ढोल दुसऱ्याकडे आणि पिशवी माझ्याकडे राहिली. ती कितीतरी दिवस खुंटीला लटकत होती आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अण्णा, हे कुणाचं शिवलंय?" ह्या पिशवीकडे लक्ष ठेवा, तिला पुढे मोठं काम मिळणार आहे.

तर अशा दुकानात एका सकाळी कुलथे सर आले. कुलथे सर नगरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्ही हाडं नसलेलं काही शिवता का?"

मी म्हणालो, "सर, मी शिवतो त्या कशालाच हाडं नसतात."

"मग बरोबर जागी आलो," असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक वही काढली. वहीत एका परदेशी मासिकातलं चित्र चिकटवलं होतं. दगडात उमटलेली, गोल गोल गुंडाळलेली दातांची रांग. मी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालो, "ही तर चकली आहे."

सर इतके खूश झाले की त्यांनी माझा हात धरला. ते म्हणाले, ह्या माशाचं नाव हेलिकोप्रियन. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रात होता. शार्कच्या दूरच्या भाऊबंदांतला, अंगात एकही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. कूर्चा म्हणजे काय, हे कळावं म्हणून त्यांनी मला माझ्याच नाकाचा शेंडा दाबायला लावला. "हे जे लवतंय ना, ती कूर्चा. ती मेल्यावर कुजून जाते. म्हणून ह्या माशाचं बहुतेक काहीच उरलं नाही. उरली फक्त ही दातांची चकली. जुने दात पडायचे नाहीत, आत आत गुंडाळले जायचे आणि मागून नवे यायचे."

आमच्या दुकानातला सगळ्यात जुना माल दुसऱ्या महायुद्धातला होता आणि त्याचाच मला अभिमान होता. अठ्ठावीस कोटी ऐकून मी तो अभिमान घडी घालून ठेवला.

"आपल्या नगरला होता का तो?" मी विचारलं.

"छे! आपला हा काळा दगड म्हणजे लाव्हा. तो ह्या माशापुढे कालचं पोर."

सरांना पंचवीस फुटांचा मासा शिवून हवा होता. जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात शिक्षकांसाठी वेगळा विभाग होता. पहिला नंबर आलेली वस्तू आणि ती करणारा शिक्षक, दोघांना राज्याच्या प्रदर्शनाला मुंबईला पाठवणार होते. सर खाली बघत म्हणाले, "अण्णा, एक गोष्ट सांगतो, कुणाला बोलू नका. मी पंधरा वर्षं मुलांना समुद्र शिकवतो. लाटा, भरती-ओहोटी, देवमासा, प्रवाळ. पण मी समुद्र पाहिलेला नाही."

कारण साधं होतं. सरांना गाडी लागायची. एसटी सुप्याला पोचायच्या आत त्यांचं पोट उलटायचं. शिरूरच्या पलीकडे ते जन्मात गेले नव्हते. शिक्षणही त्यांनी नगरातच पुरं केलं होतं.

"मग एकदा लिंबू तोंडात धरून जाऊन या की," मी म्हणालो.

"नुसता हात हलवत कसा जाऊ? पंधरा वर्षं त्याच्याबद्दल बोलतोय. काही तरी घेऊन गेलं पाहिजे. मासा घेऊन जाईन, नाही तर जाणार नाही."

पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मलाही पटतं. मी तीन कंडम तंबू बाजूला काढले आणि त्या दिवसापासून सरांचा समुद्र माझ्या गळ्यात पडला.

पहिली अडचण बांबूची आली. पंचवीस फुटांचं काहीही उभं करायचं तर आत बांबू हवा. सर म्हणाले, "बांबू चालणार नाही. बांबू म्हणजे हाड." मी म्हणालो, लोकांना आतलं कुठं दिसणार आहे? तर सर म्हणाले, "मला माहीत असेल ना." शेवटी मी वेत भिजवून त्याच्या गोल कड्या केल्या आणि त्या कापडात ओवल्या. दाबलं की दबायचं, सोडलं की वर यायचं. सरांनी एक कडी दाबून पाहिली, स्वतःचं नाक दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

दुसरी अडचण चकलीची. लाकडी मेखा तासून मी दीडशेच्या वर दात केले आणि जाड वेतावर चामड्याच्या पट्टीने बसवून गुंडाळी केली. दिसायला भयंकर दिसत होती. पण ती माशाला लावायची कुठे? सरांनी वहीतली पानं उलटून दाखवली. कुणा विद्वानाने ती नाकावर वर वळवून लावली होती, कुणी पाठीवर, कुणी शेपटीवर. मोठमोठी माणसं ह्यावर भांडली होती. सरांचं आपलं मत होतं की ती खालच्या जबड्यात, पण त्यांना धीर होत नव्हता, कारण परीक्षक म्हणून पुण्याहून जे प्राध्यापक येणार होते ते नाकवाले होते.

आम्ही दोघं डोक्याला हात लावून बसलो असताना आमची मंडळी, इंदू, चहा घेऊन आली. तिने चकलीकडे पाहिलं, चित्रांकडे पाहिलं.

"कशाचा वाद चाललाय?"

"वहिनी, हे दात कुठं लावायचे ते ठरत नाही," सर म्हणाले.

"दात ना? मग तोंडात लावा. दात काय पाठीवर असतात का कुणाच्या?"

सर उठून उभे राहिले. मला वाटलं रागावले. पण ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, हे वाक्य म्हणायला विद्वानांना फार वर्षं लागली हो." इंदू मला आत बोलावून म्हणाली, "अहो, ह्या सरांच्या घरी कुणी जेवायला वाढतं का नाही नीट?"

त्यानंतर काम झपाट्याने झालं. माशाभोवती समुद्र हवा, म्हणून मी भाड्याने द्यायच्या निळ्या कनाती काढल्या. त्यांच्यावर पांढऱ्या कापडाची 'शुभविवाह' अशी अक्षरं शिवलेली होती. उलट्या बाजूने लावल्या तर अक्षरं पुसट दिसायची आणि सरांच्या मते फेसासारखी वाटायची. हा मासा मऊ अंगाचे, सोंडवाले, माकुळासारखे प्राणी खायचा. ती भूमिका बँडवाल्याच्या पिशवीला मिळाली. तिला मी दोरांच्या दहा सोंडा लावल्या. इतक्या दिवसांनी ती पिशवी कुणाची, ह्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी किल्ल्याजवळच्या मैदानावर मासा उभा केला. तणावे ओढले, वेताच्या कड्या फुगल्या आणि तो हिरवट लष्करी रंगाचा राक्षस जबडा वासून उभा राहिला. सर मागे मागे चालत गेले, लांबून पाहिलं, डोळे पुसले. मग शेपटीकडे वळले आणि तिथेच थबकले.

"अण्णा, हे काय आहे?"

"दार."

"माशाला?"

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच दार होतं. दोन पाखी, मधून दोरी ओवायची, अगदी राहुटीला असतं तसं. मी ते कधी शिवलं हे मला आठवत नव्हतं. पंचवीस फुटांचं कापड हातात आलं की हात आपोआप दाराकडे वळतात.

"तोंड आहे ना आत जायला!" सर म्हणाले. "लोकांनी तोंडातून आत जायचं, आत तक्ते बघायचे आणि तोंडातूनच बाहेर यायचं."

"सर, तोंड किल्ल्याकडे आहे. वारा तिकडूनच येतो. वाऱ्याकडे दार करायचं नसतं, म्हणून हाताने मागे केलं असेल."

"अण्णा, माणूस शेपटीकडून आत गेला, तर तो माशाच्या पोटात कुठून जातोय हे मुलं विचारतील हो!"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण उसवायला वेळ नव्हता. आम्ही दाराची दोरी घट्ट आवळली आणि पुढे पुठ्ठ्यावर पाटी लावली, 'प्रवेश तोंडातून'. वारा आत घुसू नये म्हणून परीक्षक येईपर्यंत जबड्यावर एक चादर टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. पोटाने भरदार, अंगात उत्तम लोकरी कोट. माशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "कुलथे, हे चक्र नाकावर असतं. पुस्तकात आहे."

सर नम्रपणे म्हणाले, "साहेब, आत येऊन पाहावं."

परीक्षकांनी चादर जरा बाजूला करून दातांची चकली पाहिली. आत जायचं तर तिच्यावरून पाय टाकावा लागणार होता. त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग दातांकडे. "मी ह्यावरून येणार नाही. मागे एक दार दिसतंय मला." आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते मागे गेले, दोरी सोडली आणि शेपटीतून आत शिरले. जमलेली सगळी शाळा खिदळली. एका मास्तरांना तर ठसका लागला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मेखेसारखा जमिनीत गेलो.

परीक्षक आतले तक्ते बघत पुढे पुढे येऊ लागले. सरांना वाटलं, निदान बाहेर पडताना तरी त्यांना माशाचं तोंड दिसावं. त्यांनी मोठ्या रुबाबात चादर ओढून काढली. झालं! किल्ल्याकडचा वारा आत घुसला. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे तो थेट आरपार गेला. मासा फुगला, डुलला, समोरचा एक तणावा निसटला आणि वरचा जबडा अलगद परीक्षकांच्या डोक्यावर येऊन बसला. ते घाईने बाहेर यायला गेले तर खालच्या चकलीने कोट धरला. दात आतल्या बाजूला झुकलेले होते. पुढे ओढलं की ते आणखी रुतायचे. परीक्षकांचं निम्मं अंग माशाच्या तोंडात आणि निम्मं बाहेर होतं.

अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? "साहेब, माफ करा," म्हणेल. कुलथे सर दोन्ही हात वर करून ओरडले, "बघा! बघा! आत जाणाऱ्याला वाट आणि बाहेर येणाऱ्याला अटकाव! हे फक्त खालच्या जबड्यातच होऊ शकतं! नाकावर असतं तर सुटला असता साहेब तुम्ही!"

"अहो, मला काढा!" परीक्षक गरजले. "ते दात कापा!"

मी कात्री घेऊन धावलो. तेवढ्यात सर मध्ये आले. "अण्णा, दात नको, कोट कापा!"

आता तुम्ही सांगा, मी काय करायचं? एकीकडे जिल्ह्याचा पहिला नंबर, दुसरीकडे सरांचं खालच्या जबड्याचं मत. मी शिवणारा माणूस. मी कोटाला हात घातला, पण कापला नाही. बगलेतली शिवण हुडकली आणि ती नीट उसवली. परीक्षक मोकळे झाले. संध्याकाळपर्यंत मी त्यांचा कोट शिवूनही दिला, मेणाच्या दोऱ्याने, दुहेरी शिवण घालून. त्या कोटाची उजवी बगल आजही वॉटरप्रूफ असणार.

पण त्याने काही फरक पडला नाही. पहिला नंबर हृदयाच्या हलत्या प्रतिकृतीला गेला. आमच्या माशाला उत्तेजनार्थ. मासा आणि सर दोघेही नगरातच राहिले.

मी त्यांना म्हणालो, "सर, माझ्या दारामुळे झालं."

"नाही हो, माझ्या तोंडामुळे झालं," सर म्हणाले. पण परत जाताना ते मैदानातून एकदाही मागे न बघता गेले आणि ते मला फार लागलं. वडिलांचा नियम चुकत नाही, मी चुकलो होतो. दार मागे केलं, पण पुढे त्याहून मोठं तोंड वाऱ्याला उघडं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ते साल दुष्काळाचं. उन्हाळा आला तसं ताडपत्रीला सोन्याचे दिवस आले, कारण खडी फोडायच्या कामांवर सावलीसाठी सगळीकडे कापड लागत होतं. माझं दुकान रिकामं झालं. कोपऱ्यात घडी घातलेला मासा तेवढा उरला.

एके दिवशी योसेफभाऊ आला. हा पाण्याचा टँकर चालवायचा. पूर्वी कांद्याचा ट्रक चालवायचा आणि माझ्याकडून ताडपत्र्या न्यायचा, म्हणून ओळख.

"अण्णा, मोठं कापड द्या. डोंगराकडच्या एका वाडीला पानी टाकतो. त्यांच्याकडं साठवायला कायबी न्हाई. हंडे भरस्तवर मला थांबता येत न्हाई, पुढं दुसऱ्या वाड्या हायेत. निम्मं पानी मातीत जातंय, बघवत न्हाई. खड्ड्यात कापड आथरलं म्हंजे टाकी हुईल."

"योसेफ, एक वीतभर कापड नाही रे."

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "ते काय हाय मग?"

"तो मासा आहे."

"कुनाचा?"

मी सरांना बोलावणं पाठवलं. सर शाळेतून तसेच आले, योसेफचं सगळं ऐकून घेतलं आणि माशाच्या घडीवर हात ठेवला. मग विचारलं, "अण्णा, पाणी राहील ह्यात? गळणार नाही?"

"सर, शिवण माझी आहे."

"मग झालं. मासा पाण्यात की पाणी माशात, हा तपशील आहे." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातून कात्री घेतली आणि दातांची चकली स्वतः उसवून काढून घेतली. "ही मात्र मी ठेवतो," म्हणाले.

वाडीवर गेलो. लोकांनी खड्डा खणायला घेतला तर सर म्हणाले, चौकोनी नको, माशाच्या आकाराचा खणा. कापड नीट बसेल. हे खरंच होतं, पण त्यांनी परांसाठीसुद्धा वेगळे खड्डे खणायला लावले, हे मात्र शास्त्र नव्हे, हट्ट होता. वाडीकर म्हणाले, मास्तरला काय समजावणार, खणा. मी पोटाची शिवण उसवून मासा पाठीवर उताणा पसरला, कडांना तणावे लावून मेखा ठोकल्या. योसेफने नळी सोडली. पाणी चढत गेलं. पर भरले, पोट भरलं, जबडा भरला. मी चारी बाजूंनी फिरून शिवणी चाचपत होतो. एक थेंब गळला नाही. त्या दिवशी वडील असायला हवे होते असं मला फार वाटलं.

आणि शेपटीचं दार! ते मी उताराकडे ठेवलं होतं, पाखी दुमडून दोरीने घट्ट आवळून. दोरी जरा ढिली केली की दारातून बेताचं पाणी खाली दगडी डोणीत पडायचं आणि तिथं जनावरं प्यायची. डोक्याकडे माणसं, शेपटीकडे जनावरं. सरांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा त्या दाराकडे बघून हसले.

"अण्णा, हे दार तुम्ही मुद्दामच शिवलं होतं."

"हो सर," मी म्हणालो. खोटं बोलायची हीच तर वेळ असते.

सुट्टीच्या दिवशी योसेफच्या टँकरमागे सायकल मारत सर वाडीवर जाऊ लागले. टँकरमध्ये माझ्या शेजारी बसायची सोय होती, पण त्यांना गाडी लागायची. हंडे भरेपर्यंत ते बायकांना समुद्र शिकवायचे. जिथं पाहावं तिथं पाणी, तळ लागत नाही, त्यात ही चकलीवाली धूडं फिरायची. पारूबाई नावाची एक म्हातारी हंडा टेकवून ऐकत बसायची.

"इतकं पानी हुतं व्हय मास्तर? आन् कुनी भरत नव्हतं?"

"कुणी नव्हतंच हो भरायला."

"अरं देवा, वाया गेलं की समदं!" ती हळहळायची. अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी वाया गेलेल्या पाण्याबद्दल इतक्या मनापासून हळहळलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. एकदा तिने विचारलं, "मास्तर, तुमी बघितलाय ना त्यो समिंदर?"

सर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "नाही. मला गाडी लागते."

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. पण नळी गुंडाळत असलेला योसेफ हसला नाही. "म्हंजे मास्तर, ह्यो एवढा मासा तुमी आमाला दिला, आन् तुमी स्वता दर्या बघितला न्हाई?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माशाचं कापड कुजून गेलं, तंबूचं आयुष्य असतंच तेवढं. खड्डा राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं की वरच्या टेकाडावरून अजून मासा दिसतो, परांसकट. योसेफ पुन्हा कांद्याच्या ट्रकवर गेला आणि एका सकाळी तो ट्रक माझ्या दारात उभा केला.

"अण्णा, मास्तरला घ्या आन् चला. मुंबईला माल हाय. मास्तरला म्हनावं, जितक्या वेळा ओकायचं तितक्या वेळा ओका, मी गाडी थांबवीन."

सरांना मी शाळेच्या दारातूनच उचललं. ते नको नको म्हणत होते. मग एकदम म्हणाले, "थांबा," घरी गेले आणि दातांची चकली घेऊन आले. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं ना. इंदूने डबाभर चकल्या दिल्या होत्या, त्याही होत्या. सुप्याला आम्ही पहिल्यांदा थांबलो. शिरूरला दुसऱ्यांदा. पुढे मोजणं सोडून दिलं. घाटात तर सर चकली पोटाशी धरून डोळे मिटून बसले होते आणि योसेफ त्यांना सांगत होता, "मास्तर, आलाच बगा, आलाच." ते खोटं होतं, पण दर वळणावर सर डोळे उघडून बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल उतरवून योसेफने आम्हाला किनाऱ्यावर सोडलं. सर वाळूत उभे राहिले. मीही तो पहिल्यांदाच पाहत होतो, पण मी त्याच्याकडे कमी आणि सरांकडे जास्त बघत होतो. मला भीती होती की पंधरा वर्षांचं शिकवणं एकदम तोंडातून बाहेर पडेल. भरती, ओहोटी, प्रवाळ. पण ते सरळ लाटांकडे चालू लागले. धोतर भिजेपर्यंत पाण्यात गेले, लाकडी दातांचं ते चक्र एकदा लाटेत बुडवलं आणि पुन्हा काखेत धरलं.

मी जवळ गेलो तेव्हा ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वळवून काहीतरी शोधत होते.

"काय सर?"

"अण्णा," ते म्हणाले, "एवढं मोठं, आणि शिवण कुठंच दिसत नाही हो."